एसटीचे भाडे ठरते, माप कोण ठरवणार?

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये १७.१७ टक्के वाढ झाली होती. दोन्ही वेळी बाजारात, चहाच्या टपरीवर, दुकानाच्या ओट्यावर चर्चा एकच होती, भाडे किती वाढले. त्या भाड्याच्या बदल्यात नेमके काय मिळणार, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आमच्या कानावर आले नाही.

कापडाच्या धंद्यात असे चालत नाही. गिऱ्हाईक दर विचारते आणि लगेच विचारते, पन्ना किती आहे. आमची मीटरपट्टी वजनमापे खात्याकडून तपासून घ्यावी लागते, तिच्यावर शिक्का नसेल तर दंड होतो. किराणावाल्याच्या तराजूचेही तेच, पेट्रोल पंपाचेही तेच. दर आणि माप ही जोडी आहे. एक ठरले आणि दुसरे मोकळे सोडले तर दर ठरवण्याला काही अर्थ उरत नाही. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याप्रमाणे पैशापैशापर्यंत ठरवलेले आहे. पण गाडी किती वेळेवर यावी, महिन्यात किती फेऱ्या रद्द झाल्या म्हणजे सेवा निकृष्ट समजावी, शेवटची गाडी आलीच नाही तर थांब्यावर उभ्या माणसाचे काय करावे, याचे प्रवाशाच्या हातात पडेल असे माप नाही. ते माप कसे असावे, याचा विचार आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी करावा, म्हणून हा लेख.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. त्यांपैकी आर्वी, आष्टी, कारंजा आणि समुद्रपूर या चार तालुक्यांच्या गावांना आज रेल्वे नाही. आर्वीला पुलगावहून जाणारी छोटी गाडी होती, ती बंद पडून बराच काळ लोटला. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्यावरून नागपूरची मोटार काही तासांत मुंबईला पोहोचते. पण आष्टी तालुक्यातल्या खेड्यातून पिंजण्याच्या कामासाठी आर्वीला येणाऱ्या माणसाला त्या महामार्गाचा काय उपयोग? त्याला लाल गाडी लागते. गिरडला शेख फरीदबाबांच्या दर्ग्यावर जाणाऱ्या भाविकांना लागते, तिथे दुकान मांडणाऱ्यांना लागते. बांगडीवाले, गादी-रजईवाले, कलईवाले, रेडिमेड कपड्याचे फेरीवाले, शिलाईचे काम घरी नेणाऱ्या बायका, हे सगळे एसटीच्या भरवशावर आहेत. स्वतःचे वाहन असलेला व्यापारी आपल्यात मूठभर आहे.

आता आठवडी बाजाराचा हिशेब पाहू. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. समजा एक फेरीवाला २५ किलोमीटरवरच्या बाजारात कपड्याचे गाठोडे घेऊन गेला. दिवसाची विक्री ४,००० रुपये. पंधरा टक्के नफा धरला तर ६०० रुपये सुटले. जाण्या-येण्याचे भाडे व सामानाचे मिळून १५०, बाजाराची पावती २०, चहापाणी ६०. हाती राहिले ३७०. आता संध्याकाळची गाडी आली नाही. परतीचे ७५ रुपये वाचले खरे, पण काळी-पिवळीही निघून गेली आणि ऑटोवाल्याने रात्रीचे ५०० घेतले. म्हणजे दिवसभर उन्हात बसून पदरचे ५५ रुपये गेले.

पण खरे नुकसान हे नव्हे. गाडी रद्द होते ती महिन्यातून एक-दोनदा. तिची धास्ती मात्र प्रत्येक बाजाराला असते. मजूर माणूस कामावरून सुटून, हातात मजुरी घेऊन बाजारात येतो तो दिवेलागणीला. विक्रीची खरी वेळ तीच. सात वाजताच्या गाडीचा भरवसा नाही म्हणून आपला फेरीवाला साडेपाचची धरतो आणि पाचलाच गाठोडे बांधायला लागतो. त्या दिवशी सातची गाडी वेळेवर येऊन जाते, आगाराच्या नोंदीत सगळे ठीक असते, पण फेरीवाल्याची दोन तासांची विक्री बुडालेली असते. हे नुकसान कोणत्याही कागदावर येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, सेवेचे माप ठरवताना गाडीचा वेग, खुर्च्यांची गादी, रंगरंगोटी या गोष्टी नंतरच्या. आधी भरवशाचे माप हवे. ज्या सेवेवर भरवसा नाही तिची किंमत प्रवासी रोज मोजतो, गाडी आली त्या दिवशीसुद्धा.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, हे बहुतेकांना माहीत आहे. आपला भाग त्या वेळी मध्य प्रांतात होता आणि इथे नागपूरची प्रांतिक वाहतूक सेवा वेगळी होती. १९६१ साली ती, मराठवाड्याची सेवा आणि मुंबई राज्याची एसटी एकत्र करून आजचे महामंडळ झाले. त्याला आधार १९५० च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्याचा. या कायद्याचे कलम १८ म्हणते की, राज्यात कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि नीट सांगड घातलेली वाहतूक सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. पुढे कलम २२ म्हणते की, महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वावर चालवावा. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी योग्य आहेत. पण एखाद्या खेड्याची रात्रीची फेरी रिकामी धावते तेव्हा कलम १८ म्हणते चालवा आणि कलम २२ म्हणते बंद करा. ‘पुरेशी’ म्हणजे किती, हे आकड्यात कोठेच लिहिलेले नसल्यामुळे प्रत्येक वेळी कलम २२ जिंकते. आम्ही व्यापारी आहोत, व्यापारी तत्त्वाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण व्यापारी तत्त्वात दिलेला वायदा पाळणेही येते.

आता माप. ते सगळ्या मार्गांना एकच लावता येणार नाही.

वर्धा ते सेवाग्राम, वर्धा ते सावंगी हे मार्ग जवळचे. दोन्हीकडे मोठी रुग्णालये, शाळा-कॉलेजे. अशा मार्गावर माणूस वेळापत्रक पाहून घरातून निघत नाही, थांब्यावर येतो आणि मिळेल ती गाडी धरतो. तिथे माप हवे ते किती वेळ उभे राहावे लागले याचे. इथे एक गंमत आहे. उर्दू शाळेत आम्हाला मास्तरसाहेबांनी औसत शिकवली, मराठीत तिला सरासरी म्हणतात. औसत काढणारा हुशार असेल तर ती कोणाच्याही बाजूने बोलते. तासाला तीन गाड्या असा हिशेब असेल आणि त्या बरोबर वीस-वीस मिनिटांनी आल्या तर थांब्यावर येणाऱ्याला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. आता त्याच तीन गाड्या अशा आल्या की मध्ये पाच मिनिटे, पुन्हा पाच मिनिटे आणि मग एकदम पन्नास मिनिटांची खोट. कागदावर तासाला तीन गाड्या धावल्या. पण प्रवाशांपैकी बहुतेक जण त्या पन्नास मिनिटांच्या खोटीतच येऊन उभे राहणार. हिशेब केला तर सरासरी थांबणे सव्वाएकवीस मिनिटे होते, म्हणजे ठरल्यापेक्षा सव्वाअकरा मिनिटे जास्त. ही जी ‘जास्त’ची मिनिटे आहेत, त्यांचेच माप लंडनमध्ये घेतले जाते. तिथे बस चालवणाऱ्या खासगी कंपन्यांना त्या मिनिटांवरून बक्षीस मिळते किंवा पैसे कापले जातात. किती गाड्या सोडल्या यावर शाबासकी नाही, माणूस किती उभा राहिला यावर आहे.

आर्वी, समुद्रपूर, कारंजा भागातील खेड्यांची गोष्ट निराळी. तिथे दिवसाला दोन-चार फेऱ्या. तिथे सरासरी थांबण्याचे माप बिनकामाचे, कारण माणूस वेळ पाहूनच थांब्यावर येतो. तिथे दोनच गोष्टी पाहायच्या. ठरलेली फेरी झाली का, आणि वेळेवर झाली का. यात उशीर आणि लवकर हे सारखे धरू नयेत. गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर दहा मिनिटांचे नुकसान. पण पाच मिनिटे आधी निघून गेली तर जो माणूस वेळेवर आला त्याचे चार तासांचे नुकसान, आणि दोष मात्र त्याच्याच माथी, कारण थांब्यावर गाडी गेल्याची खूण राहत नाही. इंग्लंडमध्ये खेड्यापाड्यांच्या बससाठी जे माप आहे त्यात ही समज दिसते. गाडी एक मिनिट आधी ते पाच मिनिटे उशिरा एवढ्या टापूत असेल तरच ती वेळेवर समजायची, आणि शंभरातील पंचाण्णव फेऱ्या अशा असाव्यात. आपल्याकडे रस्ते, पावसाळा, रेल्वे फाटके पाहता पाच मिनिटांचा आग्रह कोणी धरणार नाही. पंधरा मिनिटे उशीर चालेल म्हणा. पण आधी निघणे बिलकुल चालू नये, आणि पंधरा मिनिटे म्हटली तर ती पंधराच असावीत.

मुक्कामी गाडीचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. रात्री खेड्यात थांबून पहाटे निघणारी ही गाडी म्हणजे दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, शाळेची मुले, कोर्टाची तारीख असलेला माणूस आणि नागपूरला गांधीबागेत माल भरायला निघालेला छोटा दुकानदार, या सगळ्यांची पहिली गाडी. ती रद्द झाली तर एका वेळी दोन फेऱ्या मरतात, रात्रीची परतीची आणि पहाटेची जाण्याची. आगाराच्या नोंदीत दुपारच्या रद्द फेरीचे किलोमीटर आणि मुक्कामीचे किलोमीटर यांचे मोल एकच. गावाच्या हिशेबात मात्र फार अंतर आहे. म्हणून फेऱ्या नुसत्या मोजू नयेत. गावाची पहिली आणि शेवटची फेरी इतरांच्या दुप्पट-तिप्पट वजनाची धरावी, असे आमचे मत आहे.

गर्दीच्या मापातही औसतीची हीच खोड. एसटीत ‘भारमान’ हा शब्द चालतो. सगळ्या खुर्च्या भरल्या म्हणजे भारमान शंभर टक्के. समजा ४४ आसनांची गाडी दिवसात चार फेऱ्या करते. सकाळी सातला ७८ माणसे, बाराला २२, दोनला १८ आणि संध्याकाळी ५८. एकूण १७६, म्हणजे फेरीमागे बरोबर ४४. भारमान शंभर टक्के, कागदावर एकही माणूस उभा नाही. प्रत्यक्षात सकाळी ३४ माणसे उभी होती, त्यात शाळेच्या मुली होत्या आणि दाराच्या पायरीवर लोंबकळणारेही होते. भारमान गर्दीच्या तासाचे वेगळे काढले पाहिजे. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे भाडे झाले, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. दोन्ही सवलती चांगल्या आहेत आणि आपल्या घरातील बायका-म्हाताऱ्यांना त्यांचा लाभ झाला आहे. पण प्रवासी वाढले आणि गाड्या वाढल्या नाहीत तर सवलत घेणाऱ्यालाच जागा मिळत नाही. महामंडळाच्या गाड्या एकेकाळी १८ हजारांच्या वर होत्या, त्या अलीकडे १५ हजारांच्या आसपास उतरल्या.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी मागेच मापदंड काढलेले आहेत. हजार लोकांमागे ०.६ किंवा जास्त बस असतील तर पहिला दर्जा, ०.२ च्या खाली असतील तर चौथा. सरासरी चार मिनिटांपर्यंत थांबावे लागले तर पहिला, दहाच्या वर गेले तर शेवटचा. एका खुर्चीमागे दीडपर्यंत प्रवासी पहिल्या दर्जात, अडीचच्या वर चौथ्यात. आकडे स्वच्छ आहेत. पण ते मोठ्या शहरांसाठी. नागपूर, पुणे, मुंबईसारखी पालिकेची बससेवा वर्ध्याला नाही. २०११ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या एक लाख सहा हजार होती. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने दहा हजार विजेच्या बसची योजना मंजूर केली, ती मुख्यतः तीन लाखांच्या वरच्या शहरांसाठी. म्हणजे वर्धा, हिंगणघाट, आर्वी ही गावे खेड्यांत धरली जात नाहीत आणि शहरांतही धरली जात नाहीत. १३ लाखांच्या या जिल्ह्याचे माप कोणी तयार करून पाठवील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

माप मागताना ते दोन्ही बाजूंना न्याय देणारे असावे, नाहीतर त्याचा सगळा मार कंडक्टर आणि ड्रायव्हरवर पडतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या महिन्यांत आपल्या फेरीवाल्यांचे काय झाले ते सर्वांना आठवत असेल. पण कर्मचाऱ्यांची बाजूही तेव्हाच लोकांपुढे आली. पगार अपुरा आणि उशिरा, ड्यूटीवर ड्यूटी, मुक्कामी गाडीवर झोपायला धड जागा नाही. वेळापत्रक जर असे लावले असेल की खड्ड्यांच्या रस्त्यावरून त्या वेळात पोहोचणेच शक्य नाही, तर ‘वेळेवर या’ या हुकुमाचा अर्थ ‘गाडी पळवा’ असा होतो. तेव्हा पहिली अट ही की, मार्गाला लागणारा वेळ पावसाळ्याचा वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा, प्रत्यक्ष मोजून लावावा. उशिराचे कारण नोंदताना गाडी नादुरुस्त, रस्ता बंद, ड्रायव्हर उपलब्ध नाही, हे वेगवेगळे लिहावे. टायर नाही म्हणून उभ्या असलेल्या गाडीचा जाब कंडक्टरला विचारणे हा इन्साफ नव्हे.

सामानाचाही नियम असाच दोन्ही बाजूंनी स्पष्ट हवा. गाठोडे किती वजनापर्यंत फुकट, त्यापुढे कितीचे तिकीट, टपावर काय जाईल आणि आत काय चालेल, हे प्रत्येक गाडीत मराठीत, ठळक अक्षरात लावलेले असावे. कापडाच्या गाठोड्यावरून गाडीच्या दारात होणारी निम्मी भांडणे त्या एका पाटीने मिटतील. आपल्या लोकांनीही मग दोन तिकिटांचे ओझे एका तिकिटात बसवण्याचा हट्ट सोडावा लागेल.

पैशाचा प्रश्न उरतोच. जून २०२५ मध्ये एसटीची श्वेतपत्रिका निघाली, तिच्यात साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे. एवढ्या तोट्याच्या संस्थेकडे आणखी काय मागायचे, असे पुष्कळ लोक म्हणतात. आमचे उत्तर असे की, वेळापत्रकात लिहिलेली फेरी रद्द करण्याने तोटा भरून निघत नाही. ज्या फेरीचा भरवसा नाही तिचे प्रवासी काळी-पिवळीकडे जातात, मग भारमान घसरते, मग भारमान नाही म्हणून फेरी कायमची बंद होते. आपल्या डोळ्यांदेखत किती खेड्यांची फेरी अशी गेली! युरोपात यावर एक रीत आहे. लोकांसाठी आवश्यक पण तोट्यातील मार्ग सरकारने लेखी कराराने विकत घ्यायचा, फेऱ्या किती, कोणत्या वेळी, हे करारात लिहायचे आणि तेवढी भरपाई वेळेवर द्यायची. त्यासाठी २००७ चा त्यांचा सामाईक कायदाच आहे. आपले सरकार सवलतीच्या तिकिटाची भरपाई महामंडळाला देते, तशीच खेड्याच्या पहिल्या-शेवटच्या फेरीची ठरवून द्यावी. आणि तेवढे पैसे नसतील तर वेळापत्रक लहान करावे. दहा फेऱ्या लिहून सात चालवण्यापेक्षा आठ लिहून आठ चालवाव्यात. आम्हाला आठ पुरतील. हे काहींना पटणार नाही, कारण आमच्या गावची फेरी कापली म्हणून ओरड होईल. तरी पक्क्या आठांवर धंदा बांधता येतो, कच्च्या दहांवर येत नाही.

फेरी रद्द झालीच तर काय? स्वीडनमध्ये २०१६ पासून कायदा आहे की, गावाच्या आसपासची बस वीस मिनिटांहून जास्त उशिरा येणार असेल तर प्रवाशाने टॅक्सी करावी आणि ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे परत मागावेत. तो श्रीमंत देश आहे, इतके आम्ही मागत नाही. आम्ही मागतो ते इतकेच की, दिवसाची शेवटची गाडी रद्द होणार असेल तर ती आगाऊ कळवावी, आणि त्या मार्गावरच्या प्रवाशांची सोय दुसऱ्या गाडीचा मार्ग वळवून करावी. एसटीच्या गाड्यांवर त्यांचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रे बसवण्याचे काम २०१९ पासून सुरू झाले. गाडी कुठे आहे हे ज्याला दिसते त्याने ते थांब्यावरच्या माणसाला सांगायला काय हरकत आहे?

आता आपण काय करायचे ते. हातात साधने आहेत, पण ती एकेकट्याने वापरण्यासारखी नाहीत. जिल्ह्यात एसटीची वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव आणि तळेगाव अशी पाच आगारे आहेत. फेरी रद्द झाली की आगारात तिची नोंद होतेच. ती नोंद माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. अर्ज मोघम करू नये. गेल्या तीन महिन्यांत अमुक मार्गावर ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती, रद्द किती व कोणत्या कारणाने, पहिल्या व शेवटच्या फेरीचा तपशील वेगळा, असे मुद्दे घालावेत. २०२४ मध्ये महामंडळाने आगारात अधिकारी बसून तक्रार ऐकण्यासाठी ‘प्रवासी राजा दिन’ सुरू केला. तिथे रिकाम्या हाताने न जाता हे आकडे घेऊन जावे. एकट्या फेरीवाल्याने जाण्यापेक्षा कापड व्यापारी, बांगडीवाले, शिंपी, भाजीवाले, दूधवाले आणि गावचे सरपंच मिळून गेले तर त्याला वजन येते. हा प्रश्न एका समाजाचा नाही, थांब्यावर सगळेच उभे असतात.

१९५० च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये सल्लागार मंडळे नेमण्याची तरतूद आहे. जिल्ह्याच्या व्यापारी संघटनांनी आमदारांमार्फत ही मागणी करावी, आणि मंडळ झालेच तर त्यात आठवडी बाजारात बसणारा एखादा माणूस असावा. मोटारीतून फिरणाऱ्यांचे सल्लागार मंडळ काय कामाचे?

शेवटचा मार्ग ग्राहक आयोगाचा. तिकीट काढणारा प्रवासी ग्राहक आहे आणि वाहतूक ही सेवा आहे, हे १९८६ च्या कायद्यापासून मान्य आहे, आज २०१९ चा नवा कायदा लागू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या एका प्रकरणात निकाल दिला. गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे पुढचे विमान चुकले होते. उशिराचे कारण रेल्वेच्या हाताबाहेरचे होते हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे, नाही केले तर भरपाई द्यावी लागेल, असे न्यायालयाने सांगितले आणि तीस हजारांची भरपाई कायम केली. निकाल रेल्वेचा आहे, पण एसटीच्या प्रवाशाच्या वकिलालाही तो आधाराला घेता येईल. मात्र आयोगापुढे तोंडी गाऱ्हाणे चालत नाही. तिकीट जपून ठेवावे, तारीख-वेळ लिहून ठेवावी आणि त्या दिवशी दुसऱ्या वाहनाला दिलेल्या पैशाची काही तरी खूण ठेवावी.

म्हणून सुरुवात वहीपासून करावी. थांब्याजवळच्या दुकानदाराने, जो सकाळी उघडतो आणि रात्री बंद करतो, एक शंभर पानी वही ठेवावी. रकाने पाच पुरेत. तारीख, मार्ग, ठरलेली वेळ, आलेली वेळ, आणि न आल्यास चौकशी खिडकीवर सांगितलेले कारण. पहिली गाडी, बाजाराच्या दिवसाची संध्याकाळची गाडी आणि शेवटची गाडी, या तिन्हींची नोंद एकदाही चुकू नये. आणि गाडी वेळेवर आली त्या दिवशीही लिहावे. नुसते वाईट दिवस टिपलेली वही आगार व्यवस्थापक पहिल्याच पानावर बाजूला सारतील, आणि ते चुकीचेही ठरणार नाही. तीन महिन्यांची अशी वही आणि माहिती अधिकारात आलेला आगाराचा कागद समोरासमोर ठेवला, म्हणजे कोणत्या मार्गाचे माप आधी मागायचे ते आपोआप दिसेल.